गव्याला कुणी विचारलं नाही

जनावरं वाळक्या भोपळ्याचा फुटबॉल खेळायची, तेव्हाची गोष्ट. टेकडीच्या संघाचा कारभारी होता रानडुक्कर. हंगाम संपला की आपल्यातल्या कुणाला ठेवायचं न् कुणाला सोडायचं, हे तोच ठरवायचा. त्याची अक्कल एवढीच, की दुसऱ्या संघांनी ज्याला मागणी घातली त्यालाच धरून ठेवायचं.

त्या वर्षी चितळाला मागण्याच मागण्या आल्या. डुकराने तळ्याकाठचं सगळं कोवळं गवत त्याला देऊन टाकलं. गोलात उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या गव्याला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"गवादादा, तुम्ही तर नुसते उभे असता," डुक्कर म्हणाला.

"मी उभा असतो म्हणून भोपळा आत जात नाही, बाबा. अजून एक हंगाम राहू दे. या वयात कुठं जाऊ?"

"तुम्हाला मागितलं का कुणी?"

गवा मान खाली घालून निघून गेला.

पुढच्या हंगामात गोलात भोपळे धडाधड शिरले. चितळ पुढे नुसतं उड्या मारत राहिलं, आणि हंगाम संपताच नदीपलीकडच्या संघात गेलं. डुक्कर धापा टाकत गव्याकडे आला.

"दादा, चला परत. गोल उघडा पडलाय."

गवा रवंथ करत राहिला. मग म्हणाला, "दुसऱ्या कुणी मागितलंय का मला?"

"नाही."

"मग तू तरी कशाला मागतोस?"

डुकराला ते पटलं. संघातल्या एका सशाला दोन मागण्या आल्या होत्या. डुकराने जाऊन त्यालाच गोलात उभं केलं.