सेरादेलाच्या ढालीवरचा बसलेला बैल

पोर्तुगालच्या उत्तरेला डोंगरावर सेरादेला नावाचं एवढंसं गाव आहे. गावाचा ध्वज हिरवा-पिवळा, मधोमध ढाल, ढालीच्या माथ्यावर चांदीचे चार बुरूज. इथवर सगळं रीतीप्रमाणे. पण आसपासच्या गावांच्या ढालींवर सिंह पंजे उगारून उभे असताना सेरादेलाच्या ढालीवर एक काळा बैल चक्क बसला आहे. पाहुणे हसतात. गावकऱ्यांना आता त्याचंही काही वाटत नाही. कुणी विचारलंच, तर सांगतात.

फार पूर्वी म्हणे इथल्या सरदाराने शब्द दिला: संध्याकाळच्या घंटेपर्यंत डोंगराला वळसे घेत नांगराची रेघ जिथवर उतरेल, तिथवर जमीन गावाची. पायथ्याला झरा होता आणि गावाचा सगळा जीव त्या झऱ्यात अडकला होता. साथीत गुरं मेलेली. उरला होता ब्रांका नावाच्या विधवेचा एकुलता एक म्हातारा बैल.

तो दिवसभर खडकांतून चालला. झरा पन्नास पावलांवर आला आणि बैल बसला.

"पराणी टोच त्याला," ब्रांकाचा शेजारी गास्पार ओरडला.

ब्रांकाने पराणी टाकून दिली. "त्याचं झालं," एवढंच म्हणाली आणि बैलाशेजारी बसली. थोड्या वेळाने घंटा वाजली.

झरा सरदाराकडेच राहिला. घरटी रोज दोन घागरी, त्याही माणसानेच वाहायच्या, गाढव लावायचं नाही, असा हुकूम निघाला. गास्पार चढण चढताना रोज ब्रांकाच्या नावाने बोटं मोडायचा. अकरा वर्षं तो तिच्याशी बोलला नाही. मग एका दुपारी अर्ध्या चढणीवर त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला. घागर उतरवून तो खाली बसला, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मागून ब्रांकाच येत होती. आता ही ऐकवणार, असं त्याला वाटलं. ती आपली घागर ठेवून शेजारी टेकली.

"बस निवांत. डोंगर कुठे पळून जातोय."

गास्पार तिथेच रडला, असं सांगतात.

पुढे राजाचा कारकून गावाची ढाल ठरवायला आला. "बैल काढा," म्हातारा गास्पार म्हणाला. कारकुनाने उभा बैल रेखाटला. गास्पारने नकारार्थी मान हलवली.

"चालायचं तेवढं तो चालला. आता त्याला बसू द्या."

आजही वर्षातून एकदा चौकात ध्वज चढवतात, तेव्हा सेरादेलात कुणी उभं राहत नाही. पाद्री, वाजंत्री, नगराध्यक्ष, सगळे जमिनीवर बसतात. दोर ओढणारा तेवढा उभा असतो, आणि त्याची गाठ मारून झाली की सगळे सरकून त्याला जागा करून देतात.