बोडक्या देवाच्या डोक्यावरच्या रेघा

पाणखोल गावावरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, चढून गेलं की वाटेच्या डाव्या अंगाला, कड्यापासून वीसेक पावलांवर, कमरेइतका उंच काळा दगड उभा आहे. छाती पुढे, शेपूट वर, एक पाय किंचित उचललेला. कोंबडा आहे हे कोणाला सांगावं लागत नाही. फक्त त्याला तुरा नाही, डोकं नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत आहे. गाव त्याला बोडका देव म्हणतं. इतर देवांना फूल डोक्यावर वाहतात, याला पायाशी. कोणी हौसेने जास्वंद डोक्यावर ठेवायला गेलंच, तर बाबल गुरव त्याचा हात धरतात. सड्यावर धुकं असलं की ते आल्यागेल्याला टोप्याही काढायला लावतात. "डोक्यार कायएक ठेवू नकात," म्हणतात, आणि मग बसून हकिगत सांगतात.

फार मागे, खोतांच्या काळात, गावात धाकू गावकर म्हणून एक माणूस होता. बायको लवकर गेली. एकुलती लेक शेवंती सड्यापलीकडच्या गावात दिलेली. घरात उरले दोघे, धाकू आणि त्याचा झुंजीचा कोंबडा. पोटाला चिमटा काढून धाकू त्याला नाचणी चारायचा. खोताने त्याच्या बदल्यात दुभती म्हैस देऊ केली, तर हा म्हणाला म्हणे, "म्हशीक माजो आवाज कळता काय?"

कोंबडा वयात आल्यावर धाकूने त्याला मांडीवर घेतलं आणि धारदार सुरीने त्याचा तुरा आणि गळ्याखालच्या लाल पाळ्या छाटल्या. वर हळद दाबली. दुखलं असणारच, धाकूचेही डोळे भरले, असं सांगतात. पण झुंजीत समोरचा कोंबडा आधी तुराच पकडतो. तो फाटला की रक्त डोळ्यांत उतरतं आणि आंधळा झालेला पक्षी उभ्या उभ्या मरतो. "तुरो म्हंजे दुसऱ्याक धरूक दिलेली मूठ," धाकू सांगायचा.

गावाला ते पटलं नाही. गावाचा समज असा, की कोंबड्याची बांग तुऱ्यात असते आणि सूर्य तो लाल तुरा बघूनच वर येतो. तुरा छाटलेला कोंबडा म्हणजे अपशकुन. आता समजाला औषध नाही. कोंबडा पहिल्यासारखाच आरवत होता, पण ऐकतंय कोण!

त्याच वर्षी आश्विनात सड्यावर धुकं उतरलं आणि हललंच नाही. नऊ दिवस सूर्य दिसला नाही. कापणीला आलेलं भात शेतात कुजू लागलं. गुरं शोधायला वर गेलेले दोन गडी कड्याखाली मेलेले सापडले, दोघांच्याही शेंड्या मुळासकट उपटलेल्या. ती खूण कोणी नीट पाहिली नाही. लोक धाकूच्या दारात आले. "तुरो कापलंस, आता दिस खंयसून उजाडतलो?"

मानकऱ्यांनी देवीला कौल लावला. विचारलं, कोंबडा सड्याला द्यायचा का? मूर्तीला चिकटवलेली उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. देवीने 'द्या' म्हटलं, 'मारा' म्हटलं नव्हतं. पण देणं म्हणजे मान कापणं, एवढंच गावाला ठाऊक.

"दुसऱ्याचो हात लावूक देवचंय नाय," धाकू म्हणाला. "मियाच घेवन जातंय."

सुरी कमरेला, कोंबडा काखेत, असा तो भर दुपारी सडा चढला. वर हाताला हात दिसेना. पाखरू नाही, वारा नाही. सुरी काढायचा त्याला धीर होईना. तेवढ्यात हाक आली.

"बाबानू! माजे केस कोणीतरी धरल्यान!"

शेवंतीच होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघालेली, धुक्यात सोबतीच्या दिरापासून चुकलेली. धाकू धावला, पण हाक कधी पुढून यायची, कधी मागून, आणि दर वेळी कड्याच्या अधिक जवळून. लेकीचा आवाज असा ओढत नेला जातोय आणि आपल्याला दिशा कळत नाही, या विचाराने तो लहान पोरासारखा रडू लागला.

कोंबड्याने मात्र मान लांब केली. मानेची पिसं फुलली. झुंजीत समोरचा दिसल्यावर तो असाच व्हायचा. धाकूच्या काखेतून सुटून तो धुक्यात शिरला.

मग पंखांची फडफड ऐकू आली. मग गुळगुळीत वस्तूवर नखं घसरावीत तसा आवाज, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. काहीतरी त्याचं डोकं धरू पाहत होतं, आणि तिथे धरायला काहीच नव्हतं. कोंबड्याला धरायला जाताना त्याने शेवंतीचे केस सोडले.

बांग झाली. खणखणीत, न थांबता. इकडून बाप बांगेच्या रोखाने चालला, तिकडून लेक. दोघांची गाठ पडली ती कड्यापासून वीस पावलांवर. शेवंतीचा अंबाडा सुटलेला, पण पोटातलं पोर हलत होतं. ऊन पडलं. कोंबडा कुठेच नव्हता. जिथून बांग येत होती, तिथे हा दगड होता.

धाकूने सुरी कड्यावरून फेकली. "तुका मारूक घेवन इलंय रे मिया," असं म्हणत तो दगडाला मिठी मारून बसला. लेकीने तीनदा बोलावूनही उठला नाही, म्हणे.

आजही पाणखोलात कोंबडा मारत नाहीत. आजही सड्यावर धुकं उतरलं की बांग ऐकू येते. वाट चुकलेल्याने तिच्याच रोखाने चालायचं, ओळखीच्या हाकेला ओ द्यायची नाही. दगडाच्या डोक्यावर नखं घसरल्यासारख्या आडव्या रेघा आहेत. बाबल गुरव पाहुण्यांना त्यांवरून बोट फिरवू देतात. आजोबांच्या वेळी चार होत्या, असं ते सांगतात. गेल्या वर्षीपर्यंत अकरा होत्या.

यंदा बारा आहेत. बाराव्या रेघेतली दगडाची भुकटी अजून बोटाला लागते.