केशर नसलेली भाजी

एका जहागिरीच्या गावी सटवाजी नावाचा आचारी होता. सरदार हैबतरावांच्या मुदपाकखान्यात त्याची वीस वर्षं गेली होती. त्याच्या हाताला चव होती, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. त्याचा मसाला कुटायला तीन दिवस लागतात, त्याच्या पाकाची तार आसपासच्या कुठल्याच आचाऱ्याला जमत नाही, असं लोक कौतुकानं सांगत. ऐकून ऐकून सटवाजीच्या मनानं घेतलं की जितका खटाटोप मोठा तितका आचारी मोठा. कुणी त्याच्या साध्या वरणाची तारीफ केली तर त्याला ते फारसं रुचत नसे. वरण काय, कुणीही करतं, असं तो मनात म्हणे.

पौषातली गोष्ट. दुपारची पंगत उठली होती, भांडी घासून पालथी पडली होती. तेवढ्यात सरदारांचा निरोप आला. चार कोसांवरच्या माळेवाडीचा लिंगाप्पा कोष्टी नवं पागोटं विणून घेऊन आला होता. उन्हाचा चालत आलेला माणूस, त्याला जेवू घातल्याशिवाय धाडू नका, असं सरदारांनी सांगितलं होतं.

सटवाजी वैतागला. भाजीचा कणही उरला नव्हता. गोदाक्का तेवढी जात्यापाशी होती. ती मुदपाकखान्यात दळणकांडण करायची आणि सटवाजीपेक्षाही जुनी होती. तिनं लगेच भाकरीचं पीठ मळायला घेतलं. माळ्यानं नुकतीच मटाराच्या शेंगांची पाटी आणून ठेवली होती. सटवाजीनं त्यातल्या ओंजळभर कोवळ्या शेंगा सोलल्या. परसात जाऊन कोथिंबीर उपटली, पुदिन्याचे चार शेंडे खुडले. कढईत तूप, त्यात जिरं, एक उभी चिरलेली हिरवी मिरची. जिरं तडतडलं तसे दाणे टाकले, पाण्याचा हबका मारला, मीठ घातलं आणि वर झाकण ठेवलं. दाणा बोटानं दबतो असं दिसताच कढई खाली उतरवली. मग हिरवा पाला बारीक चिरून वर टाकला आणि अर्धं लिंबू पिळलं. गोदाक्काच्या तव्यावर दोन भाकऱ्या भाजून झाल्या, तेवढ्यात भाजीही झाली.

लिंगाप्पा बाहेर ओसरीवर बसला होता. सटवाजीनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. पहिला घास घेतला आणि लिंगाप्पा थांबला. मग अगदी सावकाश, एकेक दाणा चावत तो जेवला. पुढच्या पागोट्याचा रंग सांगायला म्हणून सरदार तिकडं आले होते. वासानं त्यांनाही राहवलं नाही. त्यांनी चमचाभर भाजी तळहातावर मागून घेतली, खाल्ली आणि पुन्हा हात पुढं केला.

लिंगाप्पानं भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं. मग तो म्हणाला की त्याची बायको नीलव्वा महिनाभर तापानं पडून होती. आता ताप उतरला आहे, पण अन्न समोर आलं की ती तोंड फिरवते. वैद्य म्हणतात, पोटात चार घास गेले तरच ती उभी राहील.

"आचारीबुवा, हे ती खाईल. कसं केलंत तेवढं सांगाल का?"

सरदारही ऐकायला वळले.

खरं उत्तर सटवाजीच्या ओठांवर होतं. पण सरदार समोर उभे होते. दोन भाकऱ्यांच्या वेळात केलेली भाजी, तीही परसातला पाला घालून, हे सांगितलं तर सरदार हसतील, असं त्याला वाटलं. मग तीन दिवस कुटलेल्या मसाल्याला काय किंमत राहील? वीस वर्षांत जमवलेलं नाव असं एका ओंजळभर मटारापायी घालवायचं का?

"ते तसं सोपं नाही," तो म्हणाला. "सरकारांच्या रात्रीच्या ताटासाठी कालपासून खपत होतो. त्यातलंच यांना वाढलं."

आणि एकदा तोंड उघडल्यावर तो सांगतच सुटला. मटार रात्रभर केशराच्या दुधात भिजवायचा. जायफळ, दगडफूल धरून अकरा मसाले तुपावर परतायचे. मग मंद आचेवर प्रहरभर ढवळत राहायचं, हात थांबला की चव गेली. कोथिंबिरीचा त्यानं उल्लेखही केला नाही. लिंगाप्पा एकेक गोष्ट पुन्हा म्हणून घेत होता, बोटाच्या पेरांवर मसाले मोजत होता. सरदारांनी मान डोलावली आणि ते म्हणाले, आपला आचारी म्हणजे आचारी. जात्यापाशी गोदाक्कानं मान वर केली, सटवाजीकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

त्या संध्याकाळी सरदारांच्या ताटासाठी तीच भाजी करायची, तर सोंग टिकवायला सटवाजीला मुदपाकखान्याचं दार प्रहरभर लावून बसावं लागलं. भाजी दुपारसारखीच झटक्यात झाली. उरलेला वेळ तो नुसता चुलीसमोर बसून होता.

पंधरा दिवसांनी लिंगाप्पा परत आला. पागोटं आणलं नव्हतं. तो सरळ मुदपाकखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. डोळे खोल गेले होते. माळेवाडीच्या वाण्याकडं केशर होतं, पण कोष्ट्याला परवडणारं नव्हतं. म्हणून त्यानं वाण्याच्या लेकीसाठी शेला विणून द्यायचं कबूल केलं होतं. आठ दिवस तो उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत मागावर बसला, आणि केशर, जायफळ, मसाले घरी आणले. मग सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. प्रहरभर ढवळून मटाराचा काळपट लगदा झाला. नीलव्वानं नवऱ्याकडं बघून एक घास तोंडात घेतला, आणि तोही तिला गिळवला नाही. त्यानं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याला वाटत होतं, चूक आपलीच आहे. कुठं चुकलं तेवढंच विचारायला तो चार कोस चालत आला होता.

खरं बोलायची वेळ पुन्हा सटवाजीच्या दारात येऊन उभी होती, आणि या वेळी सरदारही समोर नव्हते. पण आता एक सोडून दोन गोष्टी कबूल कराव्या लागणार होत्या. भाजी सोपी आहे ही एक, आणि आपण खोटं बोललो ही दुसरी.

"केशर कसल्या दुधात भिजवलंत? कोमट की थंड?" त्यानं विचारलं.

"कोमट."

"तिथंच चुकलं."

लिंगाप्पानं कपाळावर हळूच हात मारून घेतला. आपल्यामुळं आचारीबुवांना त्रास झाला म्हणून त्यानं माफी मागितली, आणि पाणीसुद्धा न पिता तो परत फिरला. वाण्याला आणखी एक शेला कबूल करायचा तर आजच गाठायला हवं, असं तो जाता जाता म्हणाला.

गोदाक्कानं जातं थांबवलं.

"सटवाजी, केशर कोमट दुधात घातलं तर काय होतं रे?"

सटवाजी आमटीच्या पातेल्याकडं वळला. त्या दिवशी त्यानं आमटीत दोनदा मीठ घातलं. जेवणाऱ्यांनी ती चूपचाप बाजूला सारली. त्याच्या डोळ्यांसमोर मात्र तो माग येत होता, आणि मागाच्या पलीकडं अंथरुणावर पडलेली, त्यानं कधी न पाहिलेली बाई. नवरा तिच्या उशाशी बसायचा तर पाठ फिरवून धोटा फेकतो आहे. आणि हे सगळं कशासाठी? आपल्या नावासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरदारांपुढं जाऊन उभा राहिला आणि एक दिवसाची सुट्टी मागितली. सरदारांनी सहज कारण विचारलं. घरचं काम आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. सटवाजीनं पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. गोदाक्काच्या दोन भाकऱ्यांपासून बंद दारापर्यंत काहीच वगळलं नाही.

सरदारांचा चेहरा उतरला. गेल्या पंधरवड्यात त्यांनी तीन पाहुण्यांना त्या केशरी मटाराची गोष्ट रंगवून सांगितली होती.

"भाजी चांगली होती, तेवढं मला पुरे होतं," ते म्हणाले. "तुम्ही माझ्याही तोंडून खोटं वदवलंत."

येत्या रथसप्तमीचा स्वयंपाक दुसऱ्या आचाऱ्याकडं दिला जाईल, असंही त्यांनी सांगितलं. सटवाजीनं मान खाली घालून ते ऐकलं. वाटेत त्याच्या लक्षात आलं, की ज्या गोष्टीची धास्ती घेऊन आपण खोटं बोललो, ती घडून गेली, आणि तरी आपले पाय चालताहेत.

दुपार व्हायच्या आत तो माळेवाडीला पोचला. खांद्यावरच्या पंच्यात शेंगा बांधल्या होत्या, त्यावर ओल्या फडक्यात कोथिंबीर आणि पुदिना. लिंगाप्पाच्या घरातून मागाचा आवाज येत होता. दुसरा शेला सुरू झाला होता. भिंतीकडेच्या अंथरुणावर नीलव्वा पडली होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

लिंगाप्पा लगबगीनं उठला, बसायला घोंगडी टाकू लागला. सटवाजी बसला नाही.

"लिंगाप्पा, तुमचं काहीच चुकलं नाही. मी खोटं सांगितलं. दोन्ही वेळा."

मग त्यानं भाजीची खरी कृती सांगितली. ती सांगायला वेळच लागला नाही. लिंगाप्पा ऐकत राहिला. हातातली घोंगडी त्यानं खाली टाकली.

"मी आठ दिवस हिच्याकडं पाठ करून बसलो," तो शेवटी म्हणाला. "ती हाक मारायची, तर थांब म्हणायचो. मला वाटायचं, माझ्याच हाताला गुण नाही म्हणून ही उपाशी राहते."

सटवाजीनं हे ऐकून घेतलं.

"ते आठ दिवस मला परत देता येणार नाहीत," तो म्हणाला. "हा शेला मात्र आजच्या आज सोडा. वाण्याला मी सांगतो, चूक माझी आहे. त्याला हवं तर लेकीच्या लग्नाचा स्वयंपाक मी फुकट करीन."

त्यानं पंचा सोडला आणि शेंगा सोलायला घेतल्या. लिंगाप्पानं चूल पेटवली आणि कढई त्याच्यापुढं सरकवली. सटवाजीनं ती परत त्याच्याकडं सरकवली.

"तुमच्या हातानं करा. मी नुसता बसतो."

लिंगाप्पानं तूप घातलं, जिरं टाकलं. मग दाणे टाकले. पाण्याचा हबका मारून त्यानं झाकण ठेवलं आणि सवयीनं तो लगेच ढवळायला गेला. सटवाजीनं नुसती मान हलवली. थोड्या वेळानं झाकण काढलं, तर दाणे जसेच्या तसे हिरवेगार होते. कढई उतरवून लिंगाप्पानं कोथिंबीर आणि पुदिना चिरून वर टाकला. त्याच वेळी अंथरुणावर हालचाल झाली. नीलव्वा कोपरावर भार देऊन उठून बसली होती.

"पुदिना आहे का?" तिनं विचारलं.

लिंगाप्पा तिच्याजवळ वाटी घेऊन बसला. तिनं दोन घास खाल्ले, मग थांबली, मग तिसरा खाल्ला. त्यापुढं तिला गेलं नाही. पण तिनं तोंड फिरवलं नाही, आणि वाटी उशाशीच ठेवायला सांगितली. लिंगाप्पा आपल्या हातांकडं बघत राहिला.

सटवाजी उठला आणि पायताण घालू लागला. वाण्याचं घर कुठं आहे, असं त्यानं विचारलं. लिंगाप्पानं पत्ता सांगितला नाही. त्यानं कोपऱ्यातली थाळी काढली, पुसली, त्यात भाकरी ठेवली, आणि कढईत उरलेली भाजी वाढली.

"जेवून जा," तो म्हणाला. "वाण्याकडं मीही येतो."

सटवाजी घोंगडीवर बसला. वीस वर्षांत त्यानं कुणाच्या घरी असं, दुसऱ्यानं केलेलं, नावं न ठेवता खाल्लं नव्हतं. मीठ अंमळ कमी होतं. त्यानं ते सांगितलं नाही, आणि ताट पुसून स्वच्छ केलं.

तात्पर्य: आपली प्रतिष्ठा वाढावी म्हणून सोपी गोष्ट अवघड करून सांगू नये, आपल्या मोठेपणाची झळ विश्वासानं विचारणाऱ्याला लागते.