तिम्मव्वाची फुलविहीर

बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. खडकवेढ्याच्या बाया सकाळीच नदीवरून पाणी घेऊन परतल्या होत्या. कुणी बाजरी पाखडत होतं, कुणी दारात बसून लसूण सोलत होतं. गावाबाहेर नव्या विहिरीच्या काठावर तिम्मव्वा फुटक्या दगडांच्या पाट्या रित्या करत होती. तेवढ्यात बाजारगावचा सटवा लोहार पायवाटेनं आला. त्याच्या खांद्यावर चार पहारी होत्या. त्यांना धार लावून आणायला तिम्मव्वाचा नवरा यल्लप्पा तीन दिवसांपूर्वी त्याच्याकडे गेला होता.

लोहारानं पहारी खाली ठेवल्या आणि म्हणाला, "तिम्मव्वा, बाजारगावात पटकीची साथ आलीय. यल्लप्पा काल सकाळी गेला."

तिम्मव्वानं हातातली पाटी रिती केली. मग पहारींच्या टोकांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "धार त्यानं बघितली होती का?"

"बघितली. चांगली झाली म्हणाला."

"मग झालं," ती म्हणाली आणि काठावर बसली. संध्याकाळपर्यंत ती तिथून उठली नाही.

ही गोष्ट किती जुनी आहे ते कुणाला सांगता येत नाही. गावातला सगळ्यात थोरला वड तेव्हा अजून बी होता आणि ते बीही कुठल्या तरी पाखराच्या पोटात होतं, असं म्हणतात.

यल्लप्पा वडार गावोगाव विहिरी खणायचा. त्याच्या बरोबर तिम्मव्वा असायची आणि त्यांच्या चार-सहा नातलगांचा तांडा असायचा. यल्लप्पा कातळावर सुतकीनं, म्हणजे लहान हातोडीनं, तीनदा वाजवायचा, कान लावायचा आणि पाणी कुठल्या अंगाला आहे ते सांगायचा. पण लोक त्याला ओळखायचे ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

आपला काळा कातळ बाहेरून नुसता काळा दिसतो. त्याच्या पोटात मात्र जागोजाग पोकळ्या असतात. कुठली मुठीएवढी, कुठली घागरीएवढी. त्या पोकळीला यल्लप्पा घर म्हणायचा. घर फोडलं की आत दगडाची फुलं दिसायची. कुठे पांढऱ्या पाकळ्या एकमेकींना चिकटून उभ्या, कुठे काचेसारखे लखलखीत चौकोनी खडे, कुठे कापसाच्या बोंडासारखा तंतूंचा गुच्छ, जोराची फुंकर लागली तरी मोडेल असा. एक विहीर पुरी झाली की यल्लप्पा त्या विहिरीतलं एकच फूल बायकोसाठी वर आणायचा. पाणी लागायच्या आधी मात्र फुलाला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम होता.

ती फुलं जपायची विद्या तिम्मव्वाची. बाभळीच्या काट्यानं ती त्यांच्यावरची माती कोरून काढायची. बोरूच्या नळीनं फुंकून धूळ उडवायची. मग जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून बाजरीच्या भुश्यात ठेवायची. बैलगाडीतून दहा गावं फिरली तरी फुलाची एक पाकळी तुटत नसे. अशी एकोणीस विहिरींची एकोणीस फुलं तिच्यापाशी होती. तिम्मव्वा त्यांना विहिरींच्या नावानं हाक मारायची आणि ती फुलं ओ द्यायची, असं म्हणतात.

खडकवेढ्याची विहीर विसावी. ती आठ परस खोल गेली होती, म्हणजे एकाच्या खांद्यावर एक अशी आठ माणसं उभी राहतील इतकी. तरी तळ कोरडा होता. गावाचे रखमाजी पाटील आधीच म्हणाले होते, "अक्षय्य तृतीयेपर्यंत वाट बघू. नाहीतर गाव नदीकाठी हलवू." लोकांनी गाड्यांची चाकं वंगण घालून ठेवली होती. तृतीयेला बारा दिवस उरले होते आणि त्यात ही बातमी आली.

यल्लप्पाचं तेरावं अजून व्हायचं होतं. तांड्यातली माणसं म्हणाली, "अव्वा, चल आता. इथं पाणी नाही."

तिम्मव्वा म्हणाली, "पाणी नाही असं तो म्हणाला नव्हता. अर्धी विहीर ठेवून गेला असं कुणी त्याला म्हणायला नको. ही पुरी होऊ दे, मग कुठे न्यायचं तिथे न्या मला."

तिनं पदर खोचला, धार लावलेली पहार उचलली आणि खाली उतरली. बाई विहिरीत घाव घालते हे बघायला अख्खं गाव काठावर आलं. पहिले दोन दिवस लोकांनी बघितलं. तिसऱ्या दिवसापासून पुरुषांना नुसतं उभं राहायची लाज वाटली आणि तेही पाट्या उचलू लागले.

आठव्या दिवशी पूर्वेच्या भिंतीवर तिम्मव्वाची पहार वेगळी वाजली. तिनं पहार खाली ठेवली, सुतकी घेतली, तीनदा वाजवलं आणि गाल कातळाला लावला.

पाटील वरून ओरडले, "काय लागलं?"

"घर लागलं, पाटील."

"मी पाणी लागलं का विचारतोय!"

"दार उघडल्याशिवाय घरात कोण आहे ते कसं सांगू?"

तिनं छिन्नीनं हातभर भोक पाडलं. आत अंधार होता. वर पाटलीणबाई, गोदाक्का, उभ्या होत्या. त्यांनी घरून आरसा आणवला, उन्हात धरला आणि उन्हाचा कवडसा खाली सोडला. कवडसा त्या भोकातून आत गेला आणि सगळी विहीर उजळली. ते घर घागरीएवढं नव्हतं, देवळाच्या गाभाऱ्याएवढं होतं. भिंती, छत, जमीन, सगळीकडे फुलं होती. पांढरी, पिकल्या पेरूच्या गरासारखी गुलाबी, पोपटाच्या पिसासारखी हिरवी. काठावरच्या माणसांच्या चेहऱ्यांवर ते रंग पडले. पारवे थव्यानं विहिरीत उतरले, त्यांना वाटलं आज दिवस खालून उगवला, असं म्हणतात.

पहिला शब्द पाटलांनीच काढला. "फार सुंदर आहे. पण फुलं पिता येत नाहीत. भोकं पाडून सुरुंगाचे बार भरा. हे घर उडवलं की मागे पाणी असेल तर कळेल."

त्यांचं काही चुकत नव्हतं. गाव तहानलेलं होतं. तिम्मव्वालाही ते कळत होतं. पण बार उडाला की त्या घराचा भुगा होणार होता आणि पाणी मागे आहे की खाली, हे यल्लप्पाशिवाय कुणी सांगू शकलं नसतं. शिवाय पाणी लागायच्या आधी फुलाला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. तो मोडायचा की नाही, हे आता तिला एकटीला ठरवायचं होतं.

ती वर आली. पाणी प्यायली. म्हणाली, "पाटील, तृतीयेला चार दिवस आहेत. तेवढे मला द्या. मी हातानं हे घर रिकामं करते. पाणी असलं तर फुलंच मला वाट दाखवतील. नसलं तर चौथ्या दिवशी तुमचा बार मी स्वतः पेटवते."

"आणि यल्लप्पाचा नेम?" तांड्यातल्या एकानं विचारलं.

"त्याला मी सांगेन," ती म्हणाली.

पाटलांनी गोदाक्कांकडे बघितलं. गोदाक्का म्हणाल्या, "चार दिवस आणखी नदीवरून आणू. डोक्यावर पाणी आम्हीच आणतो ना? मग तुमचं काय दुखतंय?" काठावर हसू फुटलं आणि पाटलांचा नाइलाज झाला.

त्या चार दिवसांबद्दल गावात अजून बोलतात. बाया आळीपाळीनं आरसा धरायच्या आणि ऊन सरकेल तसा सरकवायच्या. आत तिम्मव्वा पालथी पडून एक एक फूल मुळापासून सोडवायची. घाव घालायचा तो फुलापासून वीतभर लांब, म्हणजे हादरा दगडात जातो आणि फूल शाबूत राहतं. सुटलेलं फूल ती भुश्यानं भरलेल्या पाटीत ठेवायची आणि पाटी दोरानं वर जायची. काठावर पुरुष ती पाटी अशी झेलत, जणू आत झोपलेलं तान्हं मूल आहे.

चौथ्या दिवशी दुपारी तिला कोपऱ्यात तंतूंच्या फुलांची एक रांग दिसली. बाकीची फुलं कोरड्या कातळावर होती, ही चिकणमातीवर उभी होती. तिनं बोरूच्या नळीनं हळूच फुंकर घातली. दर तंतूच्या टोकाला काही तरी चमकलं आणि हललं. तो पाण्याचा थेंब होता.

तिनं मातीत करंगळी घातली. करंगळी काढली तेव्हा तिच्या मागोमाग करंगळीएवढी धार बाहेर आली. मग मनगटाएवढी. मग मांडीएवढी. बार उडवला असता तर ती मातीची शीर चेंगरून बंद झाली असती आणि पाणी कायमचं दुसरीकडे वळलं असतं, असं जाणती माणसं सांगतात.

वर नुसता कल्लोळ झाला. पाणी तिम्मव्वाच्या घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. ती अजून आतच होती.

"तिम्मव्वा, फुलं राहू देत, वर ये!" पाटील ओरडले. या खेपेला त्यांचा आवाज फुटला.

"हातातलं एवढं एक!"

"अगं, बुडशील!"

"हादरा नका देऊ पाटील, आवाजानंसुद्धा मोडतं हे!"

पाणी कमरेला आलं. पाणी छातीला आलं. मग पाण्यानंच तिला त्या भोकातून बाहेर काढून अलगद उचललं आणि जसजशी विहीर भरत गेली तसतशी ती वर येत गेली, डोक्यावर पाटी, पाटीत फूल, आणि पदराचं टोकसुद्धा भिजलेलं नाही, असं म्हणतात. काठाशी आल्यावर तिनं आधी पाटी गोदाक्कांच्या हातात दिली, मग स्वतःचा हात दिला. तो दिवस अक्षय्य तृतीयेचा होता.

फुलं मोजली तर गावात जितकी घरं तितकीच भरली. प्रत्येक घराला एक फूल मिळालं. शेवटी एक उरलं तेव्हा पाटील म्हणाले, "हे जास्तीचं झालं."

"जास्तीचं कसं?" तिम्मव्वा म्हणाली. "माझं घर नाही का मोजलंत?"

ती राहिलीच. तांडा पुढच्या गावी गेला, ती गेली नाही. विहिरीशेजारी तिनं खोपट बांधलं. आजूबाजूच्या गावांत कुठे घर लागलं की लोक तिला बोलावू लागले आणि ती एक फूल घेऊन परत येऊ लागली. तिच्या खोपटात पुढे इतकी फुलं झाली की दिवा लावावा लागत नसे, असं म्हणतात. एका सरदारानं ती बघायची म्हणून पालखी पाठवली. तिम्मव्वानं भोयांना गूळपाणी दिलं आणि सांगितलं, "फुलांना प्रवास सोसत नाही. सरदारांना सोसत असेल तर त्यांनी यावं." सरदार आला, जोडे बाहेर काढून दोन घटका जमिनीवर बसला आणि जाताना दार हळू लावून गेला.

ती कुणावर रागावल्याचं एकदाच सांगतात. गोदाक्कांनी आपलं फूल देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेनं घासलं होतं. फूल फेसाळलं आणि सगळं पाणीच उतरलं त्याचं.

"पितळेसारखं चमकेल वाटलं गं मला," गोदाक्का म्हणाल्या.

"अक्का, हे चुन्याच्या जातीचं फूल. याला आंबट खातं. जावयाला घासायचं होतंत त्यापेक्षा!"

ते निस्तेज फूल पाटलांच्या घरात अजून आहे आणि पाहुण्यांना तेच आधी दाखवतात.

आजही अक्षय्य तृतीयेला खडकवेढ्यात प्रत्येक घर आपलं फूल विहिरीवर आणतं. बोरूच्या नळीनं त्याची धूळ उडवतात, विहिरीच्या पाण्यात धुतात आणि काठावर उन्हात ओळीनं मांडतात. त्या दिवशी गावात कुणी चिंच हातात धरत नाही. नवी सून आली की पहिल्यांदा तिला फूल धरायला शिकवतात, मग चूल दाखवतात. घर फुटलं, भाऊ वेगळे झाले, तरी फूल फोडत नाहीत. ते वर्षाआड या घरी आणि त्या घरी राहतं. विकत कुणी देत नाही. ऊन डोक्यावर आलं की एक बाई आरसा धरते आणि पाण्यातून कवडसा खाली सोडते. पाणी चढलं तेव्हा तळाच्या घरात राहून गेलेली फुलं क्षणभर दिसतात. मग सगळे जेवायला जातात.

म्हातारपणी तिम्मव्वानं त्या विहिरीला पायऱ्या कोरायला घेतल्या होत्या. घागर भरायला बायांना काठावरून वाकावं लागू नये म्हणून. रोज सकाळी ऊन यायच्या आत थोडं काम करायची, हादरा लागू नये इतक्या हलक्या हातानं. एका पायरीला तिला वर्ष लागायचं. त्या पायऱ्या अजून चांगल्या आहेत, कुठे टवका गेलेला नाही. एका सकाळी ती कामावर आली नाही.

पाण्यापर्यंत पोचायला तीन पायऱ्या कमी आहेत. दर तृतीयेला गाव जमलं की त्या तीन कोरायचा विषय निघतो. त्या अजून झालेल्या नाहीत.