गाळाची हाक

नदीच्या अलीकडच्या रानात एक कळप होता, आणि भांडल्याशिवाय त्या कळपाला चारा पचत नसे.

रीत मात्र एक चांगली होती. बाहेरून कुणी आलं की गाई त्याला चाटत, परका वास जाईपर्यंत. भिंगरी गाय अशीच पैलतीराहून आली. येताना तिनं एक हाक आणली, पाय गाळात रुतला की द्यायची. कळपाकडं गाळासाठी हाकच नव्हती. तिची हाक लांबलचक, नाकातली. कळपानं रवंथ करकरून ती आखूड केली, पोटातून काढली. पुढं भिंगरीही तशीच देऊ लागली.

मग माणक्या वळू वयात आला. शिंगं वाढली, डोकं होतं तेवढंच राहिलं.

"ही हाक उष्टी आहे," तो म्हणाला. "आपल्या बापजाद्यांनी असली हाक कधी दिली नाही."

"ते गाळातच मेले," म्हातारी मोरी गाय म्हणाली. "आणि भिंगरीला मी चाटलंय, मेल्या. तू तेव्हा आईच्या पोटातही नव्हतास."

"मग तुझीही जीभ बाटली, म्हातारे."

बाकीचे माना खाली घालून चरत राहिले. माणक्यानं भिंगरीला ढुशा देत नदीपार हाकललं, हाकेसकट. पैलतीरच्यांनी तिला हुंगलं आणि वास ओळखीचा नाही म्हणून शिंगांवर घेतलं. ती नदीतल्या बेटावर राहिली, लव्हाळं खात.

महिन्याभरात एक कालवड गाळात रुतली. उष्ट्या हाकेला बंदी. तिनं जुनी, भुकेची हाक दिली. सगळ्यांना वाटलं, हिला चारा हवाय. दिवस कलला तेव्हा तिच्या शिंगांची टोकं तेवढी वर दिसत होती.

"शुद्ध मेली," मोरी म्हणाली.

पावसाळ्यात नदीला पूर आला, ओसरला, गाळ सरकला आणि एका सकाळी खुद्द माणक्या पोटापर्यंत आत गेला. त्यानं भुकेची हाक दिली. कुणी बघितलं नाही. वळू सदाच भुकेला. भीतीची दिली, तर कळप उलटा पळाला. गाळ छातीला लागला, तेव्हा त्याच्या पोटातून ती आखूड हाक निघाली.

जिथून ती हाक आली होती, त्या पैलतीरावरचा कळप निवांत चरत होता. एकानंही कान टवकारला नाही.

अलीकडचा सगळा कळप मात्र माघारी वळून धावला. आणि बेटावरून, पाणी उडवीत, सगळ्यांच्या आधी भिंगरी.