फुकटचं प्यादं

एका जंगलात जांभळाखाली बीळ करून एक ससा राहायचा. सोबत बायको आणि तीन पिल्लं, अजून डोळेही न उघडलेली. कोल्ह्याला नेमकं तेच बीळ पाहिजे होतं. त्या जंगलात भांडण झालं की मारामारी नसायची, सपाट दगडावर बुद्धिबळाचा डाव मांडायचा. जो हरेल त्याला आठ दिवसांनी अजून एक डाव. त्यात जो जिंकेल त्याचं खरं. हसू नका पोरांनो, आपल्या भांडणांपेक्षा बरंय.

कोल्ह्यानं पोपटाकडून सुरुवातीच्या दहा चाली घोकून घेतल्या होत्या. चौथ्या चालीला त्यानं एक प्यादं उघडं सोडलं. सशानं वजीर धाडून ते गट्टम केलं, आणि आठव्या चालीला कोल्ह्याच्या घोड्यानं तोच वजीर कोंडला. ससा हरला. "सामान बांधून ठेव रे लांबकान्या," कोल्हा म्हणाला, आणि आठ दिवस ऊन खात लोळला.

ससा रडत कासवाकडे गेला. "कासवदादा, शेवटी राजा पळवायला हवा होता का?"

"रडून झालं की डाव परत मांड," कासव म्हणालं.

रोज तोच हरलेला डाव. सशाला बघवत नव्हतं. पाचव्या दिवशी कासवानं विचारलं, "राजाचं सोड. प्यादं का खाल्लंस?"

"फुकट होतं म्हणून."

"मग तिथंच हरलास. पुढं नुसतं मरायचं राहिलं होतं."

दुसऱ्या डावाला सशाची बायको पिल्लं घेऊन बिळाबाहेरच उभी राहिली. चौथ्या चालीला कोल्ह्यानं परत तेच प्यादं सोडलं. सशाचा पंजा वजिराकडे गेला. पण त्यानं वजीर घरीच ठेवला.

"अरे, खा की!" कोल्हा ओरडला. "इथं खायचं असतं!"

सशानं आपलं दुसरंच प्यादं पुढं सरकवलं. कोल्ह्याला दुसरं काही येतच नव्हतं. आठव्या चालीला त्यानं पाठ केलेल्या घरात घोडा नेऊन ठेवला, तिथं नसलेल्या वजिराला कोंडायला. घरी बसलेल्या वजिरानं तो घोडा खाल्ला, आणि थोड्याच चालींत कोल्ह्याच्या राजावर मात झाली.

"बस, परत मांडू," ससा म्हणाला. "कुठं चुकलास ते बघू."

"मी नाही चुकलो. तूच चुकीचं खेळलास!" असं म्हणून कोल्हा तरातरा निघून गेला. सशाची बायको एकेक पिल्लू उचलून परत आत नेऊ लागली.

तात्पर्य : घोकलेली चाल समोरच्याच्या चुकीवर जगते; ज्यानं आपली चूक उकरून काढली, त्याचं घर वाचतं.