भैरोबा जर्मनीहून परतला

इंदुबाई खैरमोडे भडकल्या, की लोणंदच्या ट्रकअड्ड्यावरचे ड्रायव्हर गुपचूप केबिनमध्ये चढून बसत. त्या दिवशी मात्र बाईंनी राग गिळला.

त्यांच्या जुन्या ट्रकचा धुरातली काजळी अडवणारा फिल्टर तुंबला होता. सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर कुलथे म्हणाला, "बाई, हा मेला. साफ होणार नाही आणि कंपनी आता बनवत नाही. परदेशातून मिळतो का बघतो."

"मग जुना परत द्या."

"नियम आहे. मढं इथंच राहणार."

आठवड्यानं निरोप आला, फिल्टर मिळाला! बाई गेल्या. काउंटरवर ट्रकमालकांची गर्दी होती.

"कोरा आहे ना?" बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"थेट जर्मनीहून!"

"आणि माझं मढं?"

"कधीच वितळवलं."

बाईंनी फिल्टर उलटा केला. अड्ड्यावर सुटे भाग चोरीला जातात, म्हणून त्या प्रत्येक भागावर लोखंडी पंचानं गाडीचं नाव ठोकून ठेवत. चकचकीत कडेवर अक्षरं होती, 'भैरोबा प्रसन्न'.

"का रे," बाई कडाडल्या, "आमचा भैरोबा जर्मनीला कधी गेला?"

मालक खो खो हसू लागले. बाई फिल्टर काखोटीला मारून निघाल्या, तसा कुलथे मागून चिरकला, "अहो, निदान साफ केल्याची मजुरी तरी?"

बाई दारातच वळल्या.

"मढ्याला अंघोळ घातल्याची मजुरी कुणी मागतं का रे, मेल्या?"